एंटर न मारलेली ओळ

आईच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा बाबा नवस बोलले: ऑपरेशन होऊन ती शुद्धीवर येईस्तोवर कॉम्प्युटरवर रोज 'राम कृष्ण हरी' लिहायचं, तेही एकाच ओळीत. वहीतही लिहिता आलं असतं. पण डोणगावात माझं टायपिंगचं दुकान, त्यातलं जुनं मशीन रिकामं, आणि बाबा हौशी.

"एंटर मारत जा," मी सांगून थकलो. ते म्हणायचे, "सप्त्यात वीणा खाली टेकवतेत काय बे? ओळ तुटली का खंड पडला." दरवर्षी देवळातल्या सप्ताहात वीणा गळ्यात घालून पहाऱ्याला उभा राहणारा माणूस; त्यांना अखंड म्हणजे काय हे मी काय शिकवणार, कपाळ? कॉपी-पेस्ट सांगितलं तर म्हणाले, "उसनं नाव देवाले चालते काय?" दोन बोटांनी टकटक करत महिनोन्महिने लिहीत राहिले. गिऱ्हाइकांसमोर मला लाज वाटायची.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊ आईजवळ अकोल्याला होता. बाबा मशीन सोडून जायला तयार नव्हते, म्हणून मीही अडकलो आणि मनातल्या मनात चरफडत होतो. आंघोळ करून ते बसले, फाइल उघडली आणि स्क्रीन पांढरीफटक पडली. ती भलीमोठी ओळ जुन्या मशीनला पेलेना. पूर्वीही फाइल रेंगाळायची, पण चहा पिऊन होईस्तोवर उघडायची. आज चहा थंड झाला.

"काऊन हालत नाही बे हे?"

"ओळ लई लांब झाली, बाबा. अडकलं."

"आता तिले आत नेलं असन," ते म्हणाले.

मी नवससायास मानत नाही. बटण दाबून मशीन बंद करायचं आणि पुन्हा सुरू करायचं, एवढंच काम होतं. पण बोट बटणाशी गेलं आणि मला भीती वाटली. मी बंद केलं आणि नेमकं तिकडे काही झालं तर? बोट मागे घेतलं.

मग सुचलं. "बाबा, पहाऱ्यावरचा थकला का वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतेत ना? मले द्या."

त्यांनी होकाराची मान हलवली.

शेजारच्या मशीनवर मी लिहायला लागलो. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. गिऱ्हाईक आलं, त्याला मानेनंच परत पाठवलं. बोटं दुखायला लागली तरी बाबांची स्क्रीन पांढरीच होती, आणि ते तिच्यासमोरून उठत नव्हते.

ऊन उतरल्यावर फोन वाजला. उचलायचा तर हात थांबवावे लागणार होते. मी थांबलो नाही. खरं तर त्या फोनचीच भीती वाटत होती. बाबांनी उचलला. मी वळून पाहिलं नाही, लिहीत राहिलो.

फोन ठेवून ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले.

"पाणी मांगतलं म्हणते तिनं," ते म्हणाले, आणि माझ्या हातावरून हात नेऊन त्यांनी स्वतःच एंटर मारलं.