लॅमिनेशन केलेला ईसीजी

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता इच्छापूरच्या सुमनबाईंना आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "अशक्तपणा आहे, घरी जा." केळीच्या बागेत दोनदा चक्कर येऊन पडलेली बाई. नाडी अडतीस. जळगावकडच्या लालबागमधल्या या क्लिनिकमध्ये ईसीजी मी काढते, त्यामुळे हे माझ्यासमोर घडलं.

डॉक्टरांनी मशीनने वर छापलेली ओळ तेवढी वाचली. ठोके कमी, बस्स. खालच्या रेघा बघायला वेळ कोणाला आहे?

"सर, मला ब्लॉक वाटतोय."

"तू पट्टी काढ, वाचायला मी आहे. जुना ईसीजी दाखवा. तेव्हाही असाच असेल."

त्यांचा मुलगा गणेश सोबत होता, त्याने जुना ईसीजी पिशवीतून अभिमानाने काढला. बाहेरून चकचकीत प्लास्टिक, आत कागद काळाकुट्ट.

"ताई, खराब नको व्हायला म्हणून इतवाऱ्यातल्या दुकानात लॅमिनेशन केलं. आधार कार्डासोबतच."

ईसीजीचा कागद उष्णतेनेच छापला जातो. गरम मशीनमधून काढला की सगळा काळा. दुकानदाराने सांगितलं नाही, आणि आम्ही तरी कुठे सांगतो?

"भाऊ, चांगला सांभाळलास," मी म्हणाले.

सुमनबाई चपला शोधत होत्या. "चल रे, बागेत केळी भरायला गाडी लागली आहे."

मी त्यांना पुन्हा झोपवलं, लांब पट्टी काढली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून विजेचा निरोप निघतो, त्याची पट्टीवर छोटी टेकडी उमटते. निरोप खाली पोचला की ठोका पडतो, तो उंच सुळका. टेकडीमागे ठरल्या अंतराने सुळका यायला हवा.

कोरा कागद पट्टीला लावून त्याच्या कडेवर टेकड्यांच्या खुणा केल्या, कागद पट्टीवरून पुढे सरकवला. टेकड्या आपल्या चालीने, सुळके आपल्या. एकमेकांशी संबंधच नाही. निरोप खाली पोचतच नव्हता. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. असं हृदय केव्हाही थांबू शकतं, आणि हिला आपण घरी पाठवत होतो.

पट्टी आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

"तू डॉक्टर कधीपासून झालीस?"

"सर, सरकवून तर बघा."

त्यांनी सरकवला. दोनदा. मग म्हणाले, "अँब्युलन्स बोलव. जळगावला फोन लाव."

पेसमेकर बसला, सुमनबाई घरी आल्या. डॉक्टर अजूनही वरची ओळच आधी वाचतात. मी समोर उभी असले तर खालीही बघतात.

तुमच्या घरात ईसीजी असेल, तर आजच त्याची झेरॉक्स काढा, तो कागद नुसता ठेवला तरी फिका होतो. लॅमिनेशन करू नका. आणि डॉक्टर वरची ओळ वाचून कागद परत देऊ लागले, तर खुर्चीवरून उठू नका. म्हणा, खालच्या रेघा बघा.