पिवळा झेंडा आणि डावा हात

रस्ता ओलांडायची माझी एक पद्धत आहे. प्रताप नगरच्या चौकात सिग्नल आहे, पण त्याच्यावर आम्हा कुणाचाच फारसा विश्वास नाही. मी डावा हात पुढे करतो, तळवा गाडीवाल्याकडे, आणि त्याच्याकडे न बघता चालू लागतो. बघितलं की तो थांबत नाही, असा माझा अनुभव. न बघता गेलो तर आजवर सगळे थांबलेत.

याच विश्वासावर मी शर्यतीच्या दिवशी, सकाळच्या सरावात, मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतीच्या, ट्रॅकवर उतरलो. चहा पलीकडच्या बाजूला होता.

शर्यत एका मोठ्या सभागृहात होती. एरवी तिथं बॅडमिंटन चालतं. तेव्हा फळ्या अंथरून वर ट्रकांनी माती ओतली होती, तिचे उंच उंच जंप केले होते, आणि पेट्रोलचा वास छताखाली अडकून बसला होता. माझी लेक पहिल्यांदाच छताखालच्या शर्यतीत उतरत होती. शर्यत भरवणाऱ्या क्लबचा नियम असा, की प्रत्येक रायडरमागे घरच्या एका माणसानं ट्रॅकवर झेंडा धरायला उभं राहायचं. बायको म्हणाली, "तुम्ही जा, मी वर बसते डबा घेऊन." तिला आम्हा दोघांत कोण शहाणं ते ठाऊक आहे.

तर मी हात दाखवून निघालो, आणि मागून कुणीतरी माझी कॉलर धरून ओढलं. एक गाडी माझ्या नाकासमोरून गेली. जमिनीवरून नाही, हवेतून.

ओढणाऱ्या बाई ट्रॅकच्या सुरक्षेच्या प्रमुख होत्या. एका शाळेत पी.टी. शिकवतात. आवाजावरून कळतं.

"काका, हात कोणाले दाखवून राहिले?"

"त्यालाच. गाडीवाल्याला."

"तो हवेत आहे. हवेत ब्रेक लागते का?"

शेजारच्या एका रायडरचा बाप म्हणाला, "भाऊ, हा ऑटो नाही हो. सवारी घेत नाही."

मग बाईंनी मला एका मोठ्या जंपपाशी, तणसाच्या गठ्ठ्यांमागे उभं केलं. जंपच्या पलीकडे काय पडलंय ते मागून येणाऱ्याला दिसत नाही. ते त्याला माझ्या पिवळ्या झेंड्यानं कळायचं. "कोणी पडलं, तर झेंडा हालवायचा. धावत जायचं नाही. तुम्ही इथून हालले, की मागचा उडी मारून सरळ पडलेल्याच्या अंगावर उतरते. उचलाले वेगळी माणसं आहेत."

"माझी पोरगी पडली तर?"

"तर आणखी जोरानं हालवा."

शर्यत सुरू झाली. कानात कापूस घालूनही आवाज छातीतून आत येत होता. सुरुवातीला लेक जंपवरून उडाली, की मी श्वास धरायचो. काही फेऱ्यांनंतर तेही थांबलं. तिचं लाल हेल्मेट वर जायचं, खाली यायचं. आवाजानं माझ्या आतलं सगळं बधिर झालं होतं. आपला दात दुसऱ्याच कुणाचा आहे असं दंतवैद्याच्या खुर्चीत वाटतं, तसं मला अख्ख्या अंगाबद्दल वाटत होतं.

मग एका फेरीत लाल हेल्मेट वर गेलं आणि नीट खाली आलं नाही. पुढचं चाक मातीत रुतलं, लेक हँडलवरून पुढे फेकली गेली. मग ती जंपच्या पायथ्याशी पडून होती. तिच्या बुटाची एक पट्टी सुटली होती. घरून निघताना मी ती लाव म्हणालो होतो की नाही, याचा मी विचार करू लागलो. दुसरं काही डोक्यात आलं नाही.

झेंडा हलत होता. मागचे रायडर एकेक करून जंपवर वेग मोडत होते, उडी न मारता कडेनं उतरत होते. उचलणारी माणसं आली. शर्यत थांबवली. इंजिनं बंद झाली, आणि त्या शांततेत मी झेंडा हलवतच होतो. बाईंना माझी बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"शाबास काका," त्या म्हणाल्या. "बाप असून जागा सोडली नाही."

नियम मला आठवलाच नव्हता. मला धावायचं होतं. पायांनी ऐकलं नाही, एवढंच.

बायको खाली आली. "तुम्ही तिथंच उभे होते," ती म्हणाली. रागानं नाही. मी म्हणालो, "नियम आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला खोटं बोलायची सोय राहत नाही.

डॉक्टर म्हणाले, गळ्याजवळचं हाड मोडलंय, बाकी ठीक. लेक झोळीत हात अडकवून खाटेवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "बाबा, डाव्या हातानं काय करून राहिले होते?"

"काही नाही. झेंडा उजव्या हातात होता."

"मी खालून पाहून राहिली होती नं. उजव्या हातात झेंडा, अन् डावा असा." तिनं धड हात पुढे केला, तळवा समोर. "चौकातल्यावाणी."

"थांबले ना सगळे?"

"झेंड्यानं थांबले, बाबा."

बायकोनं डबा उघडला आणि तिला घास भरवायला लागली. मलाही एक दिला. चव लागली नाही.

पुढच्या आठवड्यात तिला दाखवायला न्यायचं होतं. दवाखाना चौकापलीकडे. माझा डावा हात आपोआप वर गेला, आणि मी नेहमीसारखा समोर बघत निघालो. लेकीनं मागून शर्ट धरला.

"तिकडं पाहा नं, बाबा."

मी पाहिलं. एक ऑटो येत होता. तो थांबला नाही. आम्ही दोघं त्याला जाऊ देत कडेला उभे राहिलो. तिनं शर्ट सोडला नव्हता, आणि ट्रॅकवर न हललेले माझे पाय आता चांगलेच थरथरत होते.