न प्यालेल्याची कबुली

पुढाऱ्यांना शिव्या घालायला मला कोणी शिकवायला नको. निवडणूक आली की ओटीवर बसून तोंडभरून घालतो आणि येणारे-जाणारे हसतात. पण आमच्या त्या पुढाऱ्यांची गोष्ट निघाली की माझी जीभ जड होते. कारण त्यांची भाषणं लिहून देणारा मीच.

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. तळा गावच्या शाळेतून बदली होऊन मी दिवेआगरच्या अलीकडच्या एका किनारी गावात प्राथमिक शिक्षक म्हणून आलो. वय पंचविशीच्या आत, अक्षर वळणदार, आणि देश घडवायची खुमखुमी अशी की विचारू नका! गावातले पुढारी म्हणजे नारळी-पोफळीच्या सगळ्यात मोठ्या वाडीचे मालक. चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले, अंगावर जाडी खादी, रोज सकाळी सूतकताई. लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आमचा उजवा हात व्हा." मी हुरळलो. झालो.

त्यांच्याच वाडीच्या कडेला झोपडं बांधून एक माडी काढणारा राहायचा. त्याचं नाव घेत नाही, तेवढा अधिकार मला उरलेला नाही. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, उमलायच्या आत ती दोरीने गच्च आवळायची, टोकाला रोज कोयतीने पातळ काप द्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. थेंबथेंब रस उतरतो, ती माडी. हा गडी डावखुरा. त्याच्या दोरीचे वेढे उलटे फिरायचे आणि खालून नुसतं पाहिलं तरी गावातलं शेंबडं पोरही सांगायचं की ही पोय कुणी बांधली.

एवढं काढायचा, पण आयुष्यात त्याने माडी जिभेला लावली नव्हती. पहिली धार देवीच्या नावाने बुंध्याशी ओतायची आणि काढणाऱ्याने तोंड लावायचं नाही, ही त्याच्या घरातली रीत. माडी कशी उतरलीय हे तो मडकं कानाशी धरून ओळखायचा. "आयका गुरुजी, कशी बोलते!" म्हणून मडकं माझ्या कानाशी धरायचा. मला नुसती फसफस ऐकू यायची. तो मात्र हसत असायचा.

मग दारूबंदी आली. भाऊंनी देवीच्या देवळाच्या पटांगणात सभा घेतली आणि त्याला सगळ्यांपुढे आपली मडकी स्वतःच्या हाताने फोडायला लावली. त्या दिवशीचं भाषण माझं. काय टाळ्या पडल्या! तो मात्र खापऱ्या गोळा करत बसला, पोरांच्या पायात जातील म्हणून. पुढे नारळ पाडून आणि पोफळीला पाणी लावून तो घर चालवू लागला. तक्रार नाही की काही नाही.

दोनेक वर्षांनी मुंबईहून भाऊंच्या पक्षातली बडी मंडळी आली. भाऊंनी रेवसच्या धक्क्यावर गाडी पाठवून त्यांना आणवलं. आठ दिवस आधी भाऊंनी माडीवाल्याला बोलावून घेतलं होतं. मी तिथेच सभेचं पत्रक लिहीत बसलो होतो. "मागच्या बाजूच्या तीन माडांच्या पोया बांध," ते म्हणाले. तो म्हणाला, "भाऊ, मडकी तर तुमीच फोडाया लावली." भाऊ हसले. "अरे, ताजी माडी म्हणजे का दारू? औषध ते." झोपडं त्यांच्या जागेत, काम त्यांच्या वाडीत. तो काय नाही म्हणणार? पाहुण्यांनी मागच्या पडवीत भरदुपारी ते औषध पोटभर घेतलं आणि संध्याकाळी पटांगणात व्यसनमुक्तीवर बोलले. एक पेला मलाही मिळाला. मी तो घेतला. आंबटगोड होता.

पाहुणे गेले, पण पोया सोडवायचं राहून गेलं. चार दिवसांनी नवा फौजदार आला. त्याला कुणीतरी निनावी चिठ्ठी धाडली होती. तिन्ही माडांवर मडकी सापडली. पंच म्हणून एक दुकानदार आणि मी. फौजदाराने वर पाहत विचारलं, "कोणाचं काम हे?" सगळ्यांच्या नजरा त्या उलट्या वेढ्यांवर. भाऊ सदरा झटकत पुढे आले. "वाडी माझी खरी, पण चोरून कोण चढतं ते मला काय ठाऊक? मी तर दारूबंदीचा माणूस." माडीवाला तिथेच उभा होता. त्याने एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता बोलेल. पण तो गप्प राहिला, भाऊ सोडवतील या भरवशावर.

अक्षर चांगलं म्हणून पंचनामा मलाच लिहायला दिला. 'वाडीच्या मालकांच्या नकळत, चोरून' हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले आणि खाली सही ठोकली. शाळा तपासणारे साहेब भाऊंच्या पंक्तीला जेवायचे, बदली कुठल्या डोंगरात होईल सांगता येत नव्हतं, वगैरे वगैरे. कारणं मला तेव्हाही पाठ होती आणि आजही आहेत. त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली.

तो सुटून आला तो निम्मा होऊन. भाऊंनी वाडीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं, झोपडंही हलवायला सांगितलं होतं. त्यातल्या त्यात एकच बरी गोष्ट होती. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न खाडीपलीकडच्या गावात ठरलं होतं, सुपारी फुटली होती, आणि नवऱ्यामुलाच्या चुलत्याने तुरुंगाचं काही मनावर घेतलं नव्हतं. म्हातारा समंजस. म्हणाला होता, "पोटासाठी काढली. आमच्या बापजाद्यांनीबी काढली. त्यात लाज कसली?"

मग दारूबंदी सप्ताह आला आणि भाऊंना कल्पना सुचली. "गुरुजी, त्याला व्यासपीठावर आणू. सुधारलेला दारुडा! लोकांवर परिणाम होतो. तो बोलला की झोपडं राहू देतो आणि काम परत देतो." मी म्हटलं, "भाऊ, तो पीत नाही." ते म्हणाले, "कोण विचारतंय?"

आणि मी लिहिलं. हो, लिहिलं! 'मी दारूच्या आहारी गेलो होतो, बायकापोरांना उपाशी ठेवत होतो, भाऊंनी मला माणसात आणलं.' त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेच्या ओट्यावर बसवून तीन दिवस घोकून घेतलं. तो एकेका शब्दाला अडायचा. "गुरुजी, पण मी तर पीत न्हाय."

"नुसतं म्हणायचं रे."

"देवीच्या म्होरं?"

मी म्हटलं, "देवीला खरं माहीत आहे." कसला निर्लज्ज होतो मी! तो मान हलवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागला.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी तो देवळाच्या पटांगणात उभा राहिला, धुतलेला सदरा घालून, आणि सगळं न चुकता म्हणाला. भाऊंनी त्याच्या गळ्यात सुताचा हार घातला. टाळ्यांचा कडकडाट. चौथ्या रांगेत नवऱ्यामुलाचा चुलता बसला होता. तो टाळ्या न वाजवता उठला आणि चपला शोधायला लागला.

आठ दिवसांनी लग्न मोडल्याचा निरोप आला. माडी काढणारा चालतो, पिऊन पोरांना उपाशी ठेवणारा व्याही नको. माडीवाल्याची बायको भर वर्गात दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "त्यांच्या तोंडात ते शबुद तुमी घातलं. आता तुमीच काढा."

दुसऱ्या दिवशी शाळा सोडून मी तरीने खाडी ओलांडली. म्हाताऱ्याने पाट दिला, पाणी दिलं. मी सांगितलं की हा माणूस कधीही प्यालेला नाही, ते भाषण खोटं होतं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "आन् माडी चोरून काढली ह्येबी खोटं?"

"खोटं."

"पंचनाम्यावर सही कुणाची हाय?"

"माझी."

तो आत गेला आणि पोरांच्या वहीतला एक कोरा कागद घेऊन आला. माझ्यापुढे ठेवला. "मी गावाला काय दावू? तुमी सरकारी मानूस. लिवून द्या. कुनी काढाया लावली, कोन कोन प्यालं, भाषण कुनी लिवलं. खाली सही करा. उद्याच्याला हळद लावतो पोरीला."

खिशाला पेन होतं. मी टोपण काढलं. भाऊ, फौजदार, शाळा तपासणारे साहेब, सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले. बाहेर बायका मासळी वाळत घालत होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. म्हाताऱ्याने मला घाई केली नाही.

मग मी टोपण लावलं. तरीची वेळ झाली, एवढंच म्हणालो. म्हाताऱ्याने कागदाची घडी घातली, आपल्या पोरांना लागेल म्हणून परत वहीत ठेवली, आणि मला वाटेपर्यंत पोचवायला आला.

ती मुलगी पुढे बिजवराला दिली. माडीवाला भाऊंच्या वाडीत मरेपर्यंत राबला. रस्त्यात भेटला की "गुरुजी" म्हणून हात जोडायचा. त्या गावात मी आणखी सहा वर्षं होतो, आणि भाऊंची सगळी भाषणं मीच लिहिली.