दादीची हाडं

"तुन्ही मायले काय करं रे तू? जाळं का पुरं?"

आप्पांनी हे माझ्या बापाला विचारलं. मंदिराच्या सभामंडपात, समितीच्या सगळ्या माणसांदेखत. ती माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. बाप, आई आणि मी खाली सतरंजीवर. विसरवाडीच्या चौफुलीवर आप्पांचं खताचं दुकान आहे आणि मंदिर समितीचे अध्यक्षही तेच. बाप त्यांच्याच दुकानात पोती उचलतो. त्याची मान तशीही खालीच असते.

"गाड़ा, अप्पा," बाप म्हणाला.

खुर्च्यांवर कुजबुज झाली. एक जण फस्सकन हसला. "पुरतस ते मुसलमान. हाऊ कसाना हिंदू?" आईने पदर तोंडावर ओढला. माझे कान तापले.

आम्ही सिंधचे. पाकिस्तानातले भिल. मी तिसरीत बसायच्या वयाची होते तेव्हा हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा काढून आलो आणि परत गेलो नाही. तिकडे जमीनदाराच्या शेतात राबायचं आणि वर त्याच्या पोरांकडून काफर ऐकून घ्यायचं. इकडे शाळेत पहिल्याच दिवशी पोरांनी पाकिस्तानी म्हटलं. एका मुकादमाने ऊसतोडीला पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यावर आणलं. तिथून बाप विसरवाडीकडे सरकला, कारण कोणीतरी त्याला सांगितलं की या बाजूला भिलांची गावंच्या गावं आहेत. त्याला वाटलं, आपलेच लोक.

तेव्हापासून मुदतीच्या व्हिसावर जगतोय. मुदत संपत आली की नंदुरबारला पोलिसांत हजेरी. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. मी शिवणकाम करते त्या दुकानासमोरच सुरतेची बस थांबते. मैत्रिणी साड्या आणायला, नवऱ्यांना भेटायला, उगाच फिरायलाही त्या बसने जातात. मी बसच्या खिडक्या बघते आणि मशीनचं पायडल जोरात मारते. एका जागी जीव टिकत नाही माझा.

मग नवा कायदा आला. आमच्यासारख्यांना नागरिक होता येईल म्हणाले. मात्र आम्ही हिंदू आहोत असं इथल्या एखाद्या धार्मिक संस्थेने लिहून द्यायचं. आमच्या ओळखीत लेटरहेड असलेली संस्था एकच, आप्पांची.

आप्पा वाईट नाहीत असं सगळे म्हणतात. बापाला काम त्यांनीच दिलं. सभामंडपातही ते हसले नव्हते. शांतपणे म्हणाले, "मन्ही सही शे. उद्या कोनी बोट दावं ते मी काय सांगू? हाडं काढा. रीतसर अग्नी द्या. आम्ही समितीना बठा जण येतस. मंग सही."

"जी," बाप म्हणाला. लगेच. "जी, अप्पा."

घरी येईपर्यंत मी रागाने दोघांच्या पुढे चालत होते.

काय काय नाही दिलं आम्ही? आईच्या हातांत मनगटापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या होत्या. आमच्यात नवरा असेपर्यंत बाई त्या काढत नाही. समितीतल्या बायका म्हणाल्या, सर्कसवाली दिसतेस, हिरव्या भर. आईने साबण लावून एकेक काढली. आतली कातडी कोवळी, पांढरट, तान्ह्या बाळासारखी निघाली. कितीतरी दिवस ती पदराखाली हात झाकून वावरायची. उघडं पडल्यासारखं वाटतं म्हणायची. बापाने खांद्यावरचा अजरकचा, सिंधी छापाचा कपडा सोडला. घरातली बोलीसुद्धा आम्ही हळू आवाजात बोलायला लागलो. मी तर अहिराणीत भांडते, मराठीत विचार करते, गणपतीच्या आरत्या तोंडपाठ म्हणते. ते मला आवडलं म्हणून मी घेतलं, त्याची तक्रार नाही. पण दर वेळी वाटायचं, आता तरी पुरे झालं असेल. होत नव्हतं. आता तर मेलेलं माणूस मागत होते.

दादी म्हणजे बापाची आई. इथे आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात गेली. नेऊन ठेवायचं कुठे, कोणाला विचारायचं, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. शेजारची रशीलाकाकी इथल्याच गावित या आदिवासी समाजाची. तिने तुम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. तिच्या वस्तीवर नाल्याकाठी मोहाच्या झाडांखाली ते लोक आपली माणसं पुरतात. तिथेच तिने जागा मिळवून दिली. दादीची पितळी वाटी आणि तंबाखूची डबी आम्ही सोबत ठेवली. आमच्यातही ठेवतात, काकी म्हणाली होती.

आणि काकीला कोणी विचारत नाही, तू कसली हिंदू. तिच्याकडे आधार कार्ड आहे.

ठरल्या दिवशी सकाळी आप्पा समितीची दोन माणसं घेऊन नाल्याकाठी आले. मागे टेम्पोत लाकडं आणि तुपाचा डबा. एकाने मोबाईल समोर धरलेला. पुरावा लागतो म्हणे. बापाच्या हातात आप्पांच्याच दुकानातली पहार. आई लांब उभी होती. वस्तीवरची माणसं जमली, काय चाललंय ते त्यांना कळेना.

बापाने वरचे दगड बाजूला केले. पहिला घाव घातला. जमीन कडक, पहार टणकन उडाली. दुसऱ्या घावाला ढेकूळ निघालं, आणि मोबाईलवाला म्हणाला, "जरा इकडे तोंड कर ना. दिसी नही ऱ्हायना तू."

माझं डोकंच फिरलं. मी धावत गेले आणि त्या उकरलेल्या जागेवर बसले. ठाण मांडून. बापाने पहार उचललेली होती, ती त्याने कशीबशी बाजूला घेतली.

"आप्पा, सही नको," मी म्हणाले.

"पोरी, तुम्हनाकरताच करी ऱ्हायनू मी हाई."

"नको."

"बापले पाकिस्तानमा धाडशी का मंग?"

मी दोन्ही हात मातीत रुतवले. उठले नाही.

"सगळं दिलं, आप्पा. ही देणार नाही."

बाप माझा दंड धरून ओढायला लागला. मी हलले नाही. तेवढ्यात रशीलाकाकी पुढे आली, कमरेवर हात ठेवून.

"आप्पा, मन्हा नवरा बी आठेच पुरेल शे. त्याले बी काढतस का तुम्ही?"

आप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग जमलेल्या माणसांकडे. ती सगळी त्यांची गिऱ्हाइकं. त्यांनी टेम्पोवाल्याला हाताने खूण केली आणि निघून गेले.

मला वाटलं होतं, बाप मला मारेल. तो पहार टाकून खाली बसला आणि रडायला लागला.

"हड्डियों का क्या है, बेटी," तो म्हणाला. "वो तो यहीं रहेंगी. मैं कहाँ जाऊँ?"

आप्पांनी त्याला कामावरून काढलं नाही. फक्त आता नावाने हाक मारत नाहीत. बाप माझ्याशी बोलत नाही. मी वाढलं तर जेवतो, ताट सरकवतो, उठून जातो. मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. आणि उद्या पुन्हा कोणी पहार घेऊन आलं तर मी पुन्हा तिथेच बसेन. मी वस्तीवरच्या भगताला विचारलं, तुम्ही पत्र द्याल का. देतो म्हणाला. मग त्याने विचारलं, लेटरहेड म्हणजे काय.

शेवटी मी एकटीच नंदुरबारला कलेक्टर कचेरीत गेले. टेबलामागचा माणूस म्हणाला, "संस्थेचं पत्र कुठे आहे?"

"नाही."

"मग अर्ज अपूर्ण आहे."

"अपूर्ण घ्या. सोबत माझा जबाब लिहून घ्या."

"काय लिहू?"

"आम्ही हिंदू आहोत. आम्ही आमची माणसं पुरतो."

त्याने पहिलं वाक्य लिहिलं आणि पेन थांबवलं. "दुसरं कशाला? उगाच अडचण होईल तुम्हाला." तो काळजीनेच बोलत होता, आप्पांसारखा.

"लिहा."

त्याने लिहिलं नाही. साहेबांना विचारावं लागेल, पुढच्या आठवड्यात या म्हणाला. मी गेले. साहेब नव्हते. पुन्हा गेले. आता मला लांबून येताना बघितलं की तो फाईल उघडून बसतो. एक वाक्य ठेवून दुसरं सोडायला मी तयार नाही. नागरिक करायचं असेल तर या दोन्ही वाक्यांसकट करा. करायचं नसेल तर तसं माझ्या तोंडावर सांगा. तोवर मी येत राहणार.