डाग म्हणे!

माझे मामेसासरे एका कारखान्यात रंगकामावर देखरेख करायचे. म्हणजे रंग दुसऱ्यांनी द्यायचा आणि यांनी मागे हात बांधून नापसंतीची मान हलवायची. निवृत्त झाल्यावर मान हलवावी असं कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच ब्रश हातात घेतला. भोगलं बिचाऱ्या बाथरूमने.

शॉवरखालच्या कोपऱ्यात बुरशी धरली होती. पण तो शब्द त्या घरात काढायची सोय नव्हती. बुरशी गलिच्छ लोकांकडे होते, आपल्याकडे डाग पडतात, हा मामांचा सिद्धान्त. डाग म्हटला की काम सोपं. वरून पांढऱ्या रंगाचा एक हात मारायचा आणि मिशीवरून बोट फिरवत बाहेर यायचं. रंगाखाली बुरशी मजेत वाढायची. पुढे पापुद्रे फुगायचे, गळून पडायचे, ठिपके पुन्हा हजर. मग मामा रंग बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरायचे आणि नवा हात मारायचे. थरावर थर चढून बाथरूम आतून लहान होत चाललीय, असं आमचे हे म्हणायचे.

त्यात मामींचा खोकला. आंघोळ करून आल्या की धाप लागायची, बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटायचं. खोकला थांबत नसेल तर आईने कायमचं आपल्याकडे यावं, म्हणून लेकीने खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. मामींना ते नको होतं. लेकीकडे चार दिवस लाड होतात, पाचव्या दिवशी आपण अडगळ होतो, असं त्या मला म्हणाल्या होत्या. आपलं स्वयंपाकघर सोडायच्या नुसत्या कल्पनेने त्यांचे डोळे भरून यायचे.

मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहते, म्हणून डॉक्टरांकडे मीही सोबत जायची. घरात ओल, बुरशी आहे का, असं डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला विचारलं होतं. मामींनी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, छे छे, थोडेसे डाग आहेत, मी बघतो त्यांचं. खोकल्याचं औषध घेऊन आम्ही परत आलो. दुसऱ्या खेपेला मामांनी पुन्हा "डाग" म्हणताच मामींनी पदराने तोंड पुसलं.

"बुरशी आहे, डॉक्टर. काळी. यांनी रंग लावून लावून बाळसं धरलंय तिने."

मामा छताकडे बघत बसले. बहुधा तिथेही रंगाची गरज दिसली असावी.

डॉक्टरांनी औषध बदललं आणि आधी ती भिंत साफ करा म्हणून बजावलं. मामींना आमच्याकडे बसवून मी नाकातोंडाला फडकं बांधलं, हातमोजे चढवले. पहिलं काम खिडकी उघडायचं. ती उघडेना. बघते तर काय, या रंगमहर्षींनी चौकट, कडी, फट, सगळं एका दमात रंगवून खिडकी कायमची चिकटवून टाकली होती. आंघोळीची वाफ जाणार कुठे? बुरशीला खाऊपिऊ घालून वर तिलाच पांढरं पांघरूण. विचारलं तर म्हणाले, फट वाईट दिसत होती.

आमच्या ह्यांनी सुरीने रंग कापून खिडकी सोडवली. भिंत ओली करून, धूळ उडू न देता, आम्ही थर खरवडले. फरशांच्या फटींत पाणी घालून सौम्य केलेलं ब्लीच लावलं. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, हे मामांना आधीच दटावून सांगावं लागलं, कारण ते फिनेलची बाटली घेऊन उत्साहाने उभेच होते. मग जुन्या टूथब्रशने घासलं, धुतलं, पुसून कोरडं केलं. मामा दारात मागे हात बांधून उभे होते. सवय कुठे जाते?

पुढचं सगळं मामींनी ठरवलं. आंघोळीनंतर खिडकी उघडी, ओला टॉवेल बाहेर, आणि भिंतीवरून वायपर फिरवायचा. तो शेवटी आंघोळ करणाऱ्याने. शेवटी मामाच आंघोळ करतात, कारण पेपर वाचून होईपर्यंत ते पाण्याला शिवत नाहीत.

खोकला हळूहळू उतरला. लेकीने त्या खोलीत शिवणयंत्र मांडलं. मामा अजूनही आल्यागेल्याला सांगतात, "थोडे डाग होते, मी काढले." मी ऐकून घेते. कारण मी सकाळी वर गेले की मला वेगळंच दिसतं. मामा वायपर फिरवत असतात आणि मामी दारात, मागे हात बांधून, मान हलवत.

"अहो, कोपरा राहिला."