रोज दुपारी गच्चीवर

लोह्याच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली तेव्हा अब्बांनी माझी ट्रंक आत सरकवली आणि अम्मीला बजावलं, "खोली नीचेकीच देखूंगा." भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती, तरी लातूरच्या एकाही इमारतीवर त्यांचा भरवसा नव्हता. जमीन हालली तर पोरीला दोन पावलांत बाहेर पडता यावं, एवढीच त्यांची अट.

तशी खोली मिळाली. तळमजला, बोळात दार, हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसाही ट्यूबलाइट. पहाटे क्लास, दुपारी खोलीत नोट्स, संध्याकाळी पुन्हा क्लास. बाहेर ऊन दगड तापवत होतं आणि मी वर्षभर त्यात धड उभीसुद्धा राहिले नाही.

बारावीच्या वर्षी पाय ठणकायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "ऊन कधी घेतेस?" मला हसू आलं. लातुरात ऊन कोण घेतं? लोक त्याच्यापासून लपतात! ते मात्र हसले नाहीत. 'ड' जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होत चालली होती. थंडीत दुपारचं ऊन हवं, उन्हाळ्यात थोडकं पुरे, पावसाळ्यात ढग हटले नाहीत तर गोळ्या, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

ही गोष्ट मी घरी कळवली नाही. कळवलं असतं तर अब्बांनी शिक्षण थांबवून परत नेलं असतं.

मी रोज दुपारी गच्चीवर जाऊ लागले. आठवड्याभरात मालकीणकाकूंनी अब्बांच्या सायकल दुकानाशेजारच्या बूथवर फोन लावून त्यांना बोलावून घेतलं. "भाऊ, तुमची पोरगी रोज दुपारी गच्चीवर जाती. कुनाला भेटती, इचारा जरा."

अब्बा न सांगता आले. मी बाह्या कोपरापर्यंत सारून, मांडीवर वही घेऊन बसले होते. त्यांनी पाण्याच्या टाकीमागं पाहिलं, शेजारच्या गच्च्या न्याहाळल्या.

"कौन है इधर?"

"कोई नहीं, अब्बा. धूप लेरी."

त्यांना ते खरं वाटलं नाही. चिठ्ठी घेऊन ते स्वतः डॉक्टरांकडे गेले. परत आले ते थेट वरच्या मजल्यावर. तिथल्या रिकाम्या खोलीचे खांब ठोकून पाहिले, फरशीवर पाय आपटला. मग काकूंना म्हणाले, "ही खोली द्या हिला."

"भूकंपाचं भ्याव हाय म्हनला व्हता की!"

"हाय ना. पन खाली हाडं चाललीत तिची."

माझ्याकडे न बघताच ते स्टँडवर गेले. माझ्या शब्दावर भरवसा ठेवला नाही म्हणून मला राग आला होता. तो उतरायला बरीच वर्षं लागली.

आता मी स्कॉटलंडमध्ये असते. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हा हिवाळा ठाऊक असेल. ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन नुसतं दिसायला. त्यातून 'ड' जीवनसत्त्व मिळत नाही, गोळ्याच घ्याव्या लागतात. फेब्रुवारीत खिडकी चकचकते तेव्हा मी त्या उजेडाकडे संशयानंच बघते.

अब्बा थकलेत. दर रविवारी फोनवर विचारतात, "धूप निकली क्या?" त्यांना काळजी नको म्हणून मी सांगते, "हाँ, अच्छी निकली."

गेल्या रविवारी ते म्हणाले, "मोबाईल में तो तेरे गाँव पे बादल दिखारे."

लोह्यातलं घर विकून झालंय. अब्बा-अम्मी नांदेडला भावाकडे राहतात. तरी घर कुठं, असं कोणी विचारलं तर मी त्या फोनचं नाव घेईन. माझं खोटं पकडायला तिथं अजून कोणीतरी बसलंय.