सुमेधाताईंचं कोरं पाणी

सुमेधा ढोके नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या राहत्या घरी वारल्या. त्यांना पार्किन्सन्स होता. त्यांच्या मुलीचा, रश्मीचा फोन आला. "काका, आई गेली... शी वॉज अस्लीप."

सुमेधाताई मूळच्या नागपूरच्या. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्यावर त्या एका चिनी बाईंकडे शाईची चित्रं शिकल्या. विषय कायम एकच: शरदातली पाणथळ जागा, वाळकी लव्हाळी आणि रानहंस. माझ्या ऑफिसमागच्या तळ्यावर त्या थर्मास घेऊन बसत. मी चिडवायचो, "ताई, हे पक्षी आमच्या पार्किंगची वाट लावतात आणि तुम्ही त्यांची चित्रं काढता?" "ते निदान मला काम करू देतात," त्या म्हणत. या चित्रांत पाणी रंगवत नाहीत. काठावरची लव्हाळी नीट उतरली, की कोरा सोडलेला कागदच पाणी दिसू लागतो. चुकलेली रेघ मात्र खोडता येत नाही.

हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी ठरवलं, इथल्या मराठी मंडळाच्या हॉलसाठी एक मोठं चित्र करायचं. औषधाचा असर असेल तेवढाच वेळ त्या काम करत. कितीतरी कागद फाडले. अखेर एक जमलं... दोन हंस, डावीकडे लव्हाळी, बाकी सगळं पाणी. कोपऱ्यात स्वतःचा लाल शिक्का उमटवला, म्हणजे चित्र पूर्ण. त्यानंतर त्यांना ब्रश धरता आला नाही.

मंडळाचे अध्यक्ष सुहास यांना ते अर्धवट वाटलं. आजारपणामुळे राहून गेलं असेल, असं समजून त्यांनी दुसऱ्या चित्रकाराकडून ते 'कम्प्लीट' करून घेतलं. मंडळाने ठेवलेल्या ताईंच्या सत्काराच्या दिवशी चित्रावरचा पडदा सरला. निळंशार तळं, डोंगर, मावळता सूर्य. शिक्क्याच्या कडेने निळा रंग जपून वळवला होता. टाळ्या झाल्या. व्हीलचेअरवर बसलेल्या सुमेधाताईंच्या अंगावर शाल घातली गेली.

"मावशी, सरप्राइज! आता कसं भरल्यासारखं वाटतं ना?" सुहासनी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"इथे... पाणी होतं."

"आहे ना मग, हे काय!" सुहासनी निळ्या रंगावर बोट ठेवलं. लोक हसले.

शोकसभा त्याच चित्राखाली झाली. रश्मीने चित्र परत मागितलं. मंडळाच्या समितीने नकार दिला. निदान आईचं नाव तरी त्यावर नको, असं तिने कळवलं. "बेटा, क्रेडिट त्यांनाच मिळायला हवं," असं सुहासचं उत्तर आलं.

गेल्या आठवड्यात चित्राखाली पितळी पाटी बसवली. तीवर एकच नाव आहे: सुमेधा ढोके.